हायब्रिड गाडी घ्यायच्या आधी काय बघायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी २०२३ पासून स्ट्राँग हायब्रिड आहे, आणि तेव्हापासून सोसायटीत, ऑफिसात, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक मला हेच विचारतात की हायब्रिड घेऊ का. प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगून झालंय, म्हणून आता जे प्रश्न परत परत येतात ते सगळे एका जागी लिहून काढते. आम्ही पुण्यात राहतो, धायरी ते हिंजवडी असं जाणं-येणं आहे, त्यामुळे माझी उदाहरणं इकडचीच असणार.

हायब्रिड म्हणजे चार्जिंगला लावावी लागते का?

नाही. आपल्याकडे ज्या हायब्रिड सर्रास मिळतात, म्हणजे ग्रँड विटारा, हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस, इन्व्हिक्टो, होंडा सिटी ई-एचईव्ही, यातली एकही प्लगला लावायची नाही, तशी सोयच नसते. पेट्रोल भरायचं आणि चालवायची. आत एक इंजिन, एक (किंवा दोन) मोटर आणि एक छोटी बॅटरी असते. ब्रेक दाबला किंवा ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर उलटं काम करते, जनरेटरसारखं, आणि एरवी ब्रेक पॅडच्या उष्णतेत वाया गेली असती ती शक्ती बॅटरीत जाते. मग सिग्नलवरून निघताना तीच वापरली जाते. प्लगची हायब्रिड वेगळी, तिला प्लग-इन म्हणतात, पण ती आपल्याकडे सामान्य माणसाच्या बजेटमध्ये अजून नाही, त्यामुळे तिचा विषय इथंच सोडू.

माइल्ड हायब्रिड आणि स्ट्राँग हायब्रिड, फरक काय? दोन्ही हायब्रिडच ना?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमका हाच लोक विचारत नाहीत, गाडी घरी आल्यावर विचारतात.

माइल्ड हायब्रिडमध्ये अल्टरनेटर आणि स्टार्टरच्या जागी एक जरा दमदार युनिट असतं आणि सोबत छोटी बॅटरी. ते काय करतं, तर सिग्नलला इंजिन बंद करतं, ब्रेक सोडला की झटक्यात चालू करतं, आणि पिकअप घेताना इंजिनाला थोडा टेकू देतं. बस. नुसत्या मोटरवर ती गाडी एक फूटभर पण चालत नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोटर स्वतः चाकं फिरवते, इंजिन पूर्ण बंद, आणि गाडी ट्रॅफिकमध्ये आवाज न करता सरकत राहते.

आकड्यात सांगायचं तर एकाच ग्रँड विटाराचं बघा, माइल्डवालीचा कंपनीचा आकडा लिटरला २१ च्या आसपास आणि स्ट्राँगवालीचा २७.९७. नाव एक, बॉडी एक, पण आतली गाडीच वेगळी.

माझ्या मावसभावाचं काय झालं ते सांगते. तो शोरूमला गेला, म्हणाला हायब्रिड दाखवा. सेल्समनने गाडी दाखवली, तोंडाने "सर ही हायब्रिडच आहे" म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं, माइल्ड हायब्रिड होती ती. भावाने आमच्या गाडीचं ॲव्हरेज ऐकलेलं, त्याच भरवशावर बुकिंग केलं, डिलिव्हरी घेतली, पेढे वाटले. दोन महिन्यांनी माझ्याकडे आला की ताई माझी तेराच देते गं सिटीत, काय बिघडलंय? काहीच बिघडलं नव्हतं. गाडी तिच्या जागी चांगलीच आहे, पण त्याला जी हवी होती ती ही नव्हे. त्याचा पडलेला चेहरा अजून आठवतो मला, हे सगळं लिहायला बसले त्याचं खरं कारण तो चेहरा आहे.

मग शोरूममध्ये ओळखायचं कसं?

सेल्समनला एकच विचारा, "ही गाडी इंजिन बंद ठेवून नुसत्या मोटरवर चालते का? चालवून दाखवा." हो म्हणाला की पार्किंगमध्येच बघा, स्टार्टचं बटण दाबल्यावर इंजिनाचा आवाज न येता डिस्प्लेवर रेडी असा दिवा लागतो आणि गाडी तशीच सरकते (बॅटरी उतरलेली असेल तर इंजिन सुरू होतं, तेव्हा दोनदा करून बघा). दुसरी खूण, मॅन्युअल गियरची हायब्रिड दाखवत असतील तर ती माइल्डच, वर सांगितलेल्या सगळ्या स्ट्राँग हायब्रिड ऑटोमॅटिक आहेत. आणि आरसी बुकवर "पेट्रोल/हायब्रिड" लिहिलंय म्हणून स्ट्राँग समजू नका, माइल्डवर पण तसंच लिहिलेलं असतं. बुकिंगच्या पावतीवर व्हेरियंटचं पूर्ण नाव लिहून घ्या.

खरंच २७-२८ चं ॲव्हरेज मिळतं का?

मला नाही मिळत. कंपनीचा आकडा लॅबमध्ये ठरलेल्या पद्धतीने काढलेला असतो, तिथं वाकडचा पूल नसतो. मी टाकी फुल टू टाकी फुल मोजते, दर वेळी त्याच पंपावर, पहिला कट झाला की थांबवायला सांगते, वर गोल आकडा करायला भरू देत नाही. डिस्प्ले नेहमी थोडं जास्तच दाखवतो, आमचा तरी दाखवतो, म्हणून त्याच्यावर जाऊ नका. तर सिटीत २१ ते २३, आणि मुंबई एक्स्प्रेसवेला शंभरच्या आसपास ठेवली तर १९-२०.

बघा, उलटं आहे की नाही? साध्या पेट्रोल गाडीला हायवेला जास्त मिळतं आणि शहरात कमी. हायब्रिडला शहरात जास्त. कारण साधं आहे, वाचवलेली शक्ती येते ब्रेकमधून आणि थांबण्यातून, आणि हायवेला ब्रेक मारतो कोण? एकसारख्या स्पीडला इंजिनच गाडी ओढतं, मोटरला फार काम नसतं. म्हणजे ज्यांचा सगळा प्रवास पुणे-कोल्हापूर, पुणे-संभाजीनगर असा सरळ हायवेचा आहे त्यांना हायब्रिडचा फायदा होतो पण जेवढा ऐकलेला असतो तेवढा नाही. आणि ज्यांचं आयुष्य सिग्नलवर चाललंय, ठाणे-घोडबंदर, सिंहगड रोड, हिंजवडी, त्यांच्यासाठी ही गाडी अगदी बरोबर आहे.

पायाचा पण भाग आहे यात. पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय काढायचा आणि ब्रेक हलका हलका दाबत यायचं, म्हणजे बरंचसं बॅटरीत जमा होतं. शेवटच्या क्षणी कचकन ब्रेक मारला तर पॅडच जास्त घासतात, जमा कमी होतं. माझे मिस्टर आणि मी एकच गाडी चालवतो आणि आमच्या दोघांच्या ॲव्हरेजमध्ये दोनचा फरक पडतो.

जास्तीचे पैसे किती वर्षात वसूल होतात?

चला हिशोब करू, कॅल्क्युलेटर घ्या हातात.

समजा तेवढ्याच फीचर्सच्या माइल्ड ऑटोमॅटिकपेक्षा स्ट्राँग हायब्रिड ऑन रोड २ लाखांनी महाग पडते (तुम्ही तुमच्या कोटेशनचा आकडा टाका). पेट्रोल १०४ रुपये धरू. ती माइल्ड ऑटोमॅटिक (पुढे तिलाच साधी म्हणते) शहरात १३ देते, हायब्रिड २२.

वर्षाला १२,००० किलोमीटर असतील तर साधीला ९२३ लिटर लागतं आणि हायब्रिडला ५४५. वाचले ३७८ लिटर, म्हणजे साधारण ३९,००० रुपये. २ लाख वसूल व्हायला पाच वर्षं. वर्षाला २०,००० चं रनिंग असेल तर वर्षाला ६५,००० वाचतात, तीन वर्षांत वसूल. आणि वर्षाला ६,०००च होत असेल, म्हणजे आठवड्याला भाजी, मंदिर आणि सुट्टीला एखादी ट्रिप, तर १९-२० हजार वाचणार, दहा वर्षं लागतील. दहा वर्षं कोण ठेवतं हल्ली गाडी? तर अशा माणसाने नुसत्या पेट्रोलच्या बचतीसाठी हायब्रिड घेऊ नये, स्पष्ट सांगते. त्याला ती शांतता, तो स्मूथपणा आवडला असेल तर घ्यावी, ती गोष्ट वेगळी.

एक चूक खूप जण करतात, हायब्रिडची किंमत बेस मॉडेलच्या मॅन्युअलशी लावतात आणि म्हणतात पाच लाखाचा फरक आहे. तसं नाही चालत. ऑटोमॅटिकशी ऑटोमॅटिक लावा, सनरूफ असेल तर सनरूफवालीशी लावा. कर्जावर घेणार असाल तर त्या जास्तीच्या दोन लाखाचं व्याज पण हिशोबात धरा.

माझं रोजचं फक्त ३-४ किलोमीटर आहे, शहरातच, म्हणजे मला हायब्रिड बेस्ट ना?

वाटतं तसं, पण नाही. थंड इंजिन आधी गरम व्हावं लागतं, त्यामुळे सकाळी गाडी काढली की पहिली काही मिनिटं बॅटरी भरलेली असली तरी इंजिन चालू राहतं. तीन किलोमीटरवरच्या शाळेत मुलाला सोडून परत आलात तर बराचसा वेळ याच्यातच जातो. हायब्रिडला मजा येते ती इंजिन एकदा गरम झाल्यावर, पुढच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या ट्रॅफिकमध्ये.

इलेक्ट्रिकच का घेऊ नये मग? किंवा सीएनजी?

किलोमीटरचा खर्च बघितला तर हायब्रिड सगळ्यात स्वस्त नाहीच. वरच्याच हिशोबाने साधी पेट्रोल ऑटोमॅटिक ८ रुपये, हायब्रिड पावणेपाच रुपये. सीएनजी किलोला २५ देत असेल आणि गॅस ९० रुपये धरला तर साडेतीन-पावणेचार. आणि इलेक्ट्रिक घरी चार्ज केली, युनिटला ७ किलोमीटर आणि १० रुपये युनिट धरलं, तर दीड रुपयाच्या आत-बाहेर. एवढा फरक आहे.

म्हणून माझं मत असं, घरी स्वतःच्या पार्किंगमध्ये चार्जर बसवता येत असेल, रोजचं जाणं-येणं ठरलेलं असेल, आणि लांबच्या प्रवासाला दुसरी गाडी किंवा धीर असेल, तर इलेक्ट्रिक आधी बघा. सीएनजीला रांग आहे आणि सिलिंडर डिकीत असेल तर डिकीची जागा जाते, पण रोज ऐंशी-नव्वद किलोमीटर जाणाऱ्याला ती परवडते हे खरंच आहे. हायब्रिड कोणासाठी? ज्याच्या सोसायटीत चार्जिंगचा प्रश्न सुटत नाहीये, एकच गाडी आहे, तीच ऑफिसला, तीच गणपतीला कोकणात, आणि कुठं थांबायचं याचा विचार करायचा नाहीये. आमच्या सोसायटीत ओपन पार्किंग, वायर कुठून आणायची यावर दोन एजीएम झाल्या आणि निर्णय झाला नाही, म्हणून आम्ही हायब्रिडकडे आलो. चार्जर लागला असता तर कदाचित इलेक्ट्रिकच घेतली असती.

सरकारकडून काही सूट? हिरवी नंबर प्लेट? टोल माफ?

महाराष्ट्रात हायब्रिड ही पेट्रोल गाडीच समजा. पासिंगचा टॅक्स पेट्रोलच्या दराने, १० ते २० लाखाच्या गाडीला १२ टक्के. नंबर प्लेट पांढरीच. पीयूसी लागते, कारण धूर सोडणारं इंजिन आहे. अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे, हायब्रिडला नाही.

जीएसटीचं सांगते कारण खूप गोंधळ आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये दर बदलले. चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीच्या आतली पेट्रोल किंवा पेट्रोल हायब्रिड असेल तर १८ टक्के, त्यापेक्षा मोठी असेल तर ४० टक्के. वर नावं घेतलेल्या सगळ्या हायब्रिड चार मीटरपेक्षा लांब आहेत आणि इंजिन दीड लिटर किंवा दोन लिटर, त्यामुळे त्या ४० मध्ये. इलेक्ट्रिक ५ टक्केच. पूर्वी सेस धरून हायब्रिड ४३ होती, म्हणजे थोडी स्वस्त झाली, पण तिच्याबरोबर माइल्डवाली पण ४० वर आली.

उत्तर प्रदेशने २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा रजिस्ट्रेशन टॅक्स माफ केला होता, त्याचे व्हिडिओ बघून लोक इथल्या शोरूममध्ये भांडतात, पण तो त्या राज्याचा निर्णय होता. आणि तिकडून गाडी आणून इथं एमएच पासिंग करायचा विचार करत असाल तर इथला टॅक्स भरावाच लागतो.

बॅटरी गेली तर? लाखो रुपये जातील म्हणतात.

ही भीती सगळ्यांना असते, मला पण होती. आधी बॅटरीचा आकार समजून घ्या. हायरायडर-ग्रँड विटारामधली हायब्रिड बॅटरी ०.७६ किलोवॉट अवरची आहे. नेक्सॉन ईव्हीची मोठी बॅटरी ४५ ची. म्हणजे पाण्याचं पिंप आणि तांब्या, इतका फरक. ही बॅटरी कधी पूर्ण भरत नाही, कधी पूर्ण उतरत नाही, गाडीचा कॉम्प्युटर तिला मधल्या पट्ट्यातच ठेवतो, म्हणून ती टिकते. टोयोटाने पहिली प्रियस जपानमध्ये डिसेंबर १९९७ ला आणली, तेव्हापासून परदेशात या गाड्या टॅक्सी म्हणून लाखो किलोमीटर पळाल्यात, त्यामुळे ही काही काल आलेली टेक्नॉलॉजी नाही.

वॉरंटी टोयोटा, मारुती, होंडा तिघांचीही हायब्रिड बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते. पण वॉरंटी कशाने जाते ते वाचा. बाहेरून वायर तोडून लाईट, हॉर्न, ॲम्प्लिफायर लावला आणि बिघाड तिथून झाला तर कंपनी हात वर करू शकते. आणि वॉरंटी संपल्यानंतरची काळजी असेल तर सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवर जा, आजचा बॅटरीचा भाव मजुरीसकट कागदावर लिहून मागा. सेल्समनच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका, मला तिघांनी तीन आकडे सांगितले होते.

बॅटरीला गार हवा लागते. ती घ्यायला केबिनमध्ये एक जाळी असते, कुठल्या गाडीत कुठं आहे ते मॅन्युअलमध्ये बघा आणि त्याच्यावर पिशव्या, चादरी, कुत्र्याचं अंथरूण काही ठेवू नका. सर्व्हिसला गेलात की ती जाळी साफ करून मागा.

मोठी बॅटरी असताना गाडी "बॅटरी डाउन" होते?

होते! आणि हे कोणी सांगत नाही. हायब्रिडमध्ये मोठ्या बॅटरीशिवाय एक साधी १२ व्होल्टची बॅटरी पण असते, लॉक, दिवे, कॉम्प्युटर जागं करायचं काम तिचं. ती उतरली की मोठी भरलेली असून उपयोग नाही, गाडी रेडी होतच नाही.

आम्ही मागच्या वर्षी पाच आठवडे बाहेर होतो, गाडी खाली उभी. परत आलो त्या रात्री सासऱ्यांना अचानक दवाखान्यात न्यायचं होतं, मी धावत खाली गेले, बटण दाबलं, डॅशबोर्डवर सगळे दिवे एकदम फडफडले, टिकटिक असा बारीक आवाज आला आणि सगळं काळं. शेजारच्या काकांनी त्यांची गाडी काढली म्हणून निभावलं. सकाळी मेकॅनिकने जंप स्टार्ट (दुसऱ्या बॅटरीला वायर जोडून) दिला आणि दहा मिनिटांत चालू. तेव्हापासून नियम केलाय, गाडी वापरात नसली तरी दर आठवड्याला अर्धा तास रेडी करून ठेवायची, गियर पी (पार्किंग) मध्ये, उघड्यावर. आणि आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याच्या गाडीला जंप स्टार्ट देऊ नका, कितीही जवळचा असला तरी.

याच्याबरोबर अजून एक, जिवाची गोष्ट आहे म्हणून सांगते. गाडी आवाज करत नाही म्हणून ती बंद आहे असं वाटून लोक रेडीमध्येच सोडून जातात. मग बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं. बंद गॅरेजमध्ये असं झालं तर विषारी वायू साठतो. उतरताना दिवा विझलाय का ते रोज बघायचं, सवयच लावून घ्या, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पण दाखवून ठेवा.

घाटात कशी चालते? दम लागतो म्हणतात.

चढाला सुरुवातीला छान ओढते, मोटरचा जोर लगेच मिळतो ना. पण ताम्हिणीसारखा लांब चढ असला, गाडीत पाच माणसं आणि सामान असलं, की डिस्प्लेवरचे बॅटरीचे दांडे उतरत जातात आणि मग सगळं इंजिनावर येतं. हायरायडर-ग्रँड विटारात दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे, त्यात आवाज चढतो, गाडी ओरडतेय पण स्पीड तेवढा वाढत नाहीये असं वाटतं. गाडी वर जाते, मागे येत नाही, पण ओव्हरटेक आधीपासून ठरवून करावा लागतो. डिझेलची सवय असलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. हायक्रॉसचं दोन लिटरचं इंजिन आहे, तिला हा त्रास कमी.

उतार मात्र बघण्यासारखा असतो. खंडाळ्याहून खाली उतरताना डिस्प्लेकडे बघत बसते मी (चालवत नसेन तेव्हा), एकेक दांडा भरत जातो आणि खोपोलीच्या आधीच बॅटरी फुल. फुल झाली की मग ती ब्रेकची शक्ती घेत नाही, जागाच नसते. तेव्हा टोयोटाच्या सिस्टीममध्ये गियरला बी म्हणून जागा आहे तिथं टाका, गाडी इंजिनाने धरून ठेवली जाते, ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन मोठ्याने ओरडेल, घाबरू नका, ते ब्रेकचं काम करतंय. होंडामध्ये स्टिअरिंगमागच्या पॅडलने हे कमी-जास्त करता येतं. वरंधा, आंबोली, कुंभार्ली, कुठल्याही घाटात हे वापरा, नुसते ब्रेक तापवू नका.

आणि ट्रॅफिकमध्ये थांबल्यावर गियर एन (न्यूट्रल) मध्ये टाकायची जुनी सवय असेल तर सोडा, टोयोटाच्या सिस्टीममध्ये एनमध्ये बॅटरी चार्ज होत नाही. डी (ड्राइव्ह) मध्येच ब्रेकवर पाय ठेवा.

सिग्नलला इंजिन बंद झालं की एसी पण बंद होतो का?

स्ट्राँगमध्ये नाही, कारण कॉम्प्रेसर विजेवर चालतो, पट्ट्यावर नाही. माइल्डमध्ये इंजिन बंद झालं की कॉम्प्रेसर थांबतो, नुसता पंखा राहतो, आणि नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात ते लगेच कळतं. विदर्भातल्या लोकांनी हा एक मुद्दा नीट तोलावा. एसी फुल असला की ॲव्हरेज दोनेकने पडतं मात्र.

पावसात, साचलेल्या पाण्यात शॉक लागेल का?

मोठी बॅटरी आणि केशरी रंगाच्या जाड वायरी सील केलेल्या असतात, काही गडबड झाली तर सिस्टीम स्वतः सप्लाय तोडते. शॉकची भीती ठेवू नका. भीती ठेवायची ती इंजिनात पाणी जाण्याची, ती पेट्रोल गाडीला आहे तेवढीच हिला आहे. आणि हायब्रिडमध्ये गंमत अशी की शांत चालत असते आणि पाण्याच्या मधोमध इंजिन अचानक सुरू होतं आणि पाणी ओढतं. चाकाच्या अर्ध्यापेक्षा जास्त पाणी दिसलं तर जाऊ नका. बंद पडली तर परत बटण दाबू नका, उतरा, फ्लॅटबेड (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवा. दोरी बांधून पुढची चाकं जमिनीवर फरफटत नेऊ देऊ नका, मोटर चाकांना जोडलेली असते, नुकसान होतं. केशरी वायरला हात लावायचा नाही, कोणीही, गॅरेजवाल्या पोरानेसुद्धा.

डिकी लहान असते का?

हो, बऱ्याच गाड्यांत. होंडा सिटीची साध्या पेट्रोलला ५०६ लिटर आणि हायब्रिडला ३०६. एसयूव्हीमध्ये बॅटरीमुळे डिकीचा तळ उंच होतो. आम्ही गणपतीला गावी जाताना दोन मोठ्या बॅगा, मखराचं सामान आणि तांदळाचं पोतं असं भरायचो, ते आता मावत नाही, पोतं मागच्या सीटच्या पायाशी जातं. म्हणून शोरूमला जाताना घरातली सगळ्यात मोठी बॅग खरंच घेऊन जा आणि ठेवून बघा. लोक बघतील, बघू दे.

सर्व्हिस महाग पडते? गावातला मेकॅनिक करेल का?

नेहमीची सर्व्हिस पेट्रोल गाडीसारखीच, १०,००० किलोमीटर किंवा वर्ष. ऑइल, फिल्टर तेच. ब्रेक पॅड उलट जास्त टिकतात. इन्व्हर्टरचा कूलंट वेगळा असतो, तो बघायला सांगा. मॅन्युअलसारखा क्लच नाहीच, त्यामुळे क्लच प्लेटचा खर्च विसरा. पंक्चर, ऑइल, टायर कुठंही करा, पण हायब्रिडच्या भागाला कंपनीच्या ट्रेनिंग घेतलेल्या माणसाशिवाय कोणाला हात लावू देऊ नका. तुमच्या तालुक्याला असा माणूस नसेल तर जवळचं सेंटर किती लांब ते घेण्याआधीच बघा. आणि उंदीर! आमच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या वायरी कुरतडल्यात, या गाडीत वायरीचा पसारा मोठा, तेव्हा जाळी, स्प्रे जे काय करता ते करा.

इन्शुरन्स?

थर्ड पार्टीच्या हप्त्यात हायब्रिडला साडेसात टक्के सूट आहे, २०२२ च्या अधिसूचनेपासून. १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये, म्हणजे अडीचशे रुपये वाचले, यावर खूश होऊ नका. झिरो डेप (पार्ट बदलताना घसारा न कापणारं कव्हर) आणि इंजिन प्रोटेक्ट घ्याच, आणि हायब्रिड बॅटरी-मोटरचं पाण्याने झालेलं नुकसान त्यात धरलंय का ते पॉलिसीच्या कागदावर वाचून घ्या.

ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने काही होईल का?

एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या ई-२० साठी तयार आहेत. ॲव्हरेज थोडं कमी येणारच, कारण इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. हायब्रिड म्हणून वेगळा त्रास नाही.

हायब्रिडला सीएनजी किट बसवून घेऊ का, म्हणजे डबल बचत?

नको. वॉरंटी जाईल, आणि इंजिन-मोटरचं गणित कंपनीने एकत्र बसवलेलं असतं त्यात बाहेरचा कोणी हात घालू नये.

अमेरिकेतला भाऊ म्हणतो डोळे झाकून घे.

त्याच्या बाजूने बरोबरच आहे. तिकडे हायब्रिड घराघरात आहे, २०२५ पासूनची कॅमरी तर अमेरिकेत फक्त हायब्रिडच मिळते. पण तिकडे साधी आणि हायब्रिड यांच्या किमतीतलं अंतर, रस्ते, पेट्रोलचा भाव सगळं वेगळं. त्याचा अनुभव गाडी टिकते का यासाठी ऐका, पैसे वसुलीसाठी स्वतःचा हिशोब करा.

सेकंड हँड हायब्रिड घ्यावी का?

वॉरंटीची दोन-तीन वर्षं तरी शिल्लक असतील तर हो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधूनच सगळ्या सर्व्हिस झाल्यात ना ते बघा, बॅटरीचा हेल्थ रिपोर्ट काढायला लावा, खर्च तुम्ही करा हवं तर. सीटखालचं कार्पेट उचलून वास घ्या, पाण्यात बसलेली गाडी वासावरून कळते.

टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यावी?

शोरूमवाले पाच मिनिटांची चक्कर मारून आणतात, त्याला काही अर्थ नाही. संध्याकाळी सहा-साडेसहाला जा, तुमच्याच रोजच्या रस्त्याच्या तुकड्यावर न्या, एसी चालू ठेवून. निघण्याआधी ट्रिप मीटर शून्य करा. इंजिन चालू-बंद होताना पायाला थरथर जाणवते का बघा, ब्रेक सुरुवातीला वेगळा लागतो, त्याची सवय होईल का बघा. एखादा फ्लायओव्हर जोरात चढवा आणि तो आवाज ऐका, नंतर तक्रार नको. जमलं तर सोसायटीत आणा आणि बेसमेंटच्या रॅम्पवर रिव्हर्स चढवून बघा, टोयोटाच्या सिस्टीममध्ये रिव्हर्स फक्त मोटरवर चालतो. मागच्या सीटवर आई-वडिलांना बसवा, त्यांना चढायला-उतरायला जमतंय का विचारा. आणि परत आल्यावर सेल्समन समोर असतानाच ट्रिप मीटरचा फोटो काढा, मग कोटेशन घ्या आणि माइल्ड ऑटोमॅटिकचं पण कोटेशन त्याच दिवशी घ्या, दोन्ही ऑन रोड, घरी येऊन वरचा हिशोब तुमच्या आकड्यांनी करा, बुकिंगचे पैसे त्यानंतर.